स्वच्छ व नीटनेटकी

३ एप्रिल, शुक्रवार

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीची मागची एकतीस पानं कोरी राहिली होती. टाकवेनात. भिंगरीच्या कॉलेजचं जे जे कळेल ते आता इथे लिहून ठेवीन म्हणते. डोक्यात ठेवलेलं आपापसांत भांडतं, वहीतलं गप्प बसतं.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी रांगायची नाही, बसल्या जागी गोल गोल फिरायची, म्हणून सासूबाईंनी हे नाव पाडलं. शाळा संपली. आता तिला चित्रकलेची पदवी करायची आहे. छंदवर्ग नाही, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र नाही. चार वर्षांची पदवी.

धाकटे भावजी आले होते. चहा संपेस्तोवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, चित्रं काढून पोट भरत नाही. पोट काढून चित्रं भरावी लागतात." स्वतःच हसले. मग म्हणाले, "कॉमर्सला घाला. फी मी भरतो."

भिंगरी तिथेच बसली होती. तिनं त्यांच्या चपलांचं चित्र काढलं. एक अंगठा झिजलेला, अगदी तस्सा.

हेही तिथेच होते. हे वजनकाट्यावर कारकून आहेत. भरलेला ट्रक चढला की आकडा लिहायचा, रिकामा परतला की पुन्हा लिहायचा. बावीस वर्षं तेच केल्यामुळे घरातही दोनदा तोलल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

९ एप्रिल, गुरुवार

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडे गेलो. त्या निवृत्त झाल्या, पण भिंगरीला दर रविवारी अजून फुकट शिकवतात. मी वही उघडून विचारलं, "बाई, कॉलेज स्वस्त आहे की नाही ते कागदावर कळतं. चांगलं आहे की नाही ते कशावरून ओळखायचं?"

म्हणाल्या, "त्यांची रद्दी बघा."

मला थट्टा वाटली. त्यांनी समजावलं की जिथे मुलं खरं शिकतात तिथे कागद वाया जातोच. मी वहीत लिहिलं, 'रद्दी बघणे'. पण पटलं नाही. आमच्या घरात कागद पाठपोट वापरल्याशिवाय रद्दीत जात नाही.

पोस्टानं मिळणाऱ्या पदवीचंही विचारलं. सगळ्यांत स्वस्त तीच. धडे घरी येतात, चित्रं पाठवून द्यायची.

"पोस्टानं पोहायला शिकता येतं का?" बाई म्हणाल्या.

त्या ओळीवर काट मारली. म्हणजे पट्टी ठेवून एकच रेघ. माझ्या वह्यांत खाडाखोड नसते. लग्न होऊन आले त्या वर्षापासूनच्या सगळ्या वह्या आहेत, कुणीही बघाव्यात.

१८ एप्रिल, शनिवार

खासगी कॉलेज पाहून आलो. भिंतीच्या जागी सगळी काच. फरशीत तोंड दिसेल अशी स्वच्छता. पाणी थंडगार, नळ एकही गळत नव्हता. माझं मन तिथेच बसलं.

खिडकीतल्या मुलीनं फीचा कागद दिला. एका वर्षाची फी म्हणजे ह्यांचा चौदा महिन्यांचा पगार. मी म्हटलं, "आम्ही बारा महिन्यांत चौदा पगार कुठून आणायचे?" ती म्हणाली, "बँकेचे लोक पलीकडच्याच टेबलावर बसतात, काकू."

मुलांची कामं बघू का, म्हटलं तर चकचकीत पुस्तक पुढे केलं. रद्दी कुठे टाकता, असंही विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. भिंगरीनं माझा पदर ओढला.

एवढ्या इमारतीत कागदाचा कपटा दिसला नाही. मला आवडलं. भिंगरी परत येताना बसमध्ये फीच्या कागदाच्या पाठीवर कंडक्टरचं चित्र काढत होती.

२७ एप्रिल, सोमवार

सरकारी कॉलेज. ह्याला सगळे जुनं कॉलेज म्हणतात. वर्षाची फी ह्यांच्या एका पगारात बसून वर रंगांपुरते उरतात. पदवी पक्की, शिक्षक नावाजलेले. पण जागा तीस आणि अर्ज आठशे.

आणि घाण म्हणजे किती. जिन्यावर मातीचे पाय, बेसिनला सात रंगांचे ओघळ, भिंतींवर अर्धी सोडलेली चित्रं. एका माणसाला तीन नाकं काढून ठेवलेली. कोपऱ्यात कागदांचा ढीग माझ्या खांद्याएवढा. मनात अंदाज केला, चाळीस किलो तरी. एवढी नासाडी, सरकारी पैशानं.

मी पदर सावरत उभी होते. वळून बघते तर भिंगरी गायब. एका वर्गाच्या दारात उभी होती. आत पंधरावीस मुलं एका म्हाताऱ्या माणसाला बघून चित्र काढत होती. नुसता पेन्सिलींचा आवाज. तिचा चेहरा असा झाला होता की मला आत जाऊन तिला हाक मारवेना.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, इथेच."

देवापुढे दिवा लावून तेवढंच मागितलं. जास्त मागितलं की मिळत नाही.

६ मे, बुधवार

अर्ज भरला. माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली. मॅट्रिक असले तरी सरकारी भाषा मला कळते. प्रत्येक तुकडीला दोन दिवस प्रात्यक्षिक परीक्षा, तिसऱ्या दिवशी मुलाखत. मुलाखतीला आपली वीस कामं न्यायची. नियम अकरावा: 'कामे स्वच्छ व नीटनेटकी, फीत बांधलेल्या फोल्डरमध्ये सादर करावीत.' खाली पेन्सिलीनं रेघ मारली.

फोल्डर बाजारात महाग. ह्यांनी कामावरून जाड पुठ्ठे आणले, मी जुन्या परकराच्या नाडीची फीत केली, इस्त्री करून. चांगलं दिसतं.

वीसांतली नऊ चित्रं सासूबाईंच्या हातांची आहेत. त्या गेल्याला आता सात महिने झाले. शेवटची चार वर्षं हाताला कंप होता. घास भरवणं, अंघोळ, वेणी सगळं मीच करत होते. भिंगरी पायाशी वही घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "आजी, हात जरा स्थिर ठेव ना."

सासूबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं सून ऐकत नाही, आता हातही ऐकत नाही. तू तरी कुठे ऐकतेस?"

मी पाटावर डाळ निवडत होते. मलाही हसू आलं. दाखवलं नाही.

१३ मे, बुधवार

आज परीक्षेचा दुसरा दिवस. कालचा तिचा पेपर चांगला झाला. आज ती गेल्यावर मी उद्यासाठी फोल्डर उघडला. नीट लावून ठेवावा, एवढाच हेतू.

हातांची चित्रं पाहिली आणि जीव चरकला. एकेका बोटाला पाच-पाच, सहा-सहा रेषा. एक इकडे, एक तिकडे. जणू हात कुठे संपतो ते पोरीला सापडलंच नव्हतं. नंतर पक्कं करू म्हणून सोडलं असणार, आणि मग आजीच राहिली नाही. नियम अकरावा माझ्या डोळ्यांपुढे आला.

आमच्या शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं की खोडरबरानं कागद फुलतो, पावाच्या मऊ गरानं फुलत नाही. शिळा पाव घरात होता. गर मळून गोळी केली आणि बसले. एक रेषा पुसायची, एकदा देवाचं नाव घ्यायचं. कुठली रेषा खरी आणि कुठल्या उगीचच्या, हे मला कुणी सांगायला नको. तो हात मी चार वर्षं धुतला आहे.

नऊ चित्रांना साडेचार तास लागले. मान धरली. पण हात असे निघाले, स्वच्छ, शांत. सासूबाईंचे हात कंप लागल्यापासून त्यांच्या जाण्यापर्यंत जागेपणी इतके शांत मी कधीच पाहिले नव्हते. डोळे भरून आले.

भिंगरीला सांगणार नाही. केलेलं चांगलं काम बोलून दाखवलं की देवाच्या वहीतून खोडलं जातं. फीत बांधली, पक्की गाठ मारली. ती दमून आली, जेवली. मी म्हटलं, "सगळं बांधून ठेवलंय. आता उघडत बसू नकोस." ती म्हणाली, "तू आहेस म्हणून, आई."

१४ मे, गुरुवार

मुलाखत झाली. मी बाहेर बाकावर जप करत होते. आठ मिनिटांत बाहेर आली. बाकीच्यांना दहा-बारा लागत होती. लवकर पसंत पडलं असेल.

"काय विचारलं?"

"हात कुणाचे विचारलं."

"मग?"

"आजीचे, मी म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही. फोल्डरमधून मुंग्या निघाल्या."

मला हसू फुटलं. "मुंगी शुभ असते," म्हटलं. ती हसली नाही. बसमध्ये फोल्डर मांडीवर घेऊन फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तीन दिवसांचा शीण.

१७ मे, रविवार

भिंगरी आज बाईंकडे गेली नाही. फोल्डर कपाटावर ठेवलाय, तिथे तिचा हात पोचत नाही. स्टूल घेऊन ठेवला म्हणजे. मी धूळ पुसायला काढू का विचारलं तर म्हणाली, "नको, आई." इतक्या हळू म्हणाली की मी दोनदा विचारलं.

२२ मे, शुक्रवार

यादी लागली. नाव नाही.

तीसांत नाही, प्रतीक्षा यादीतल्या दहांत नाही. प्रात्यक्षिकात शंभरात ब्याऐंशी. एवढे त्या तीसांतल्या पुष्कळांना नाहीत, मी फळ्यापाशी उभी राहून एकेक आकडा लावून पाहिला. सादर केलेल्या कामांना शंभरात अकरा. पुढे बारीक अक्षरात 'काम स्वतःचे वाटत नाही.'

मला राग आवरेना. ह्यांना म्हटलं, "आपली मुलगी चोर का? वशिल्याची पोरं घेतली असतील. इतकं स्वच्छ काम कुणाचं होतं तिथे?"

हे कपडे बदलत होते. सदरा खुंटीला अडकवून म्हणाले, "स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे स्वच्छ. एक फालतू रेघ नाही."

हे खुंटीपाशी तसेच उभे राहिले. "आमच्याकडे काटा थोडा हलतोच," म्हणाले. "ट्रक उभा असला तरी. इंजिन असतं, वारा असतो. अजिबात हलला नाही तर आम्ही वजन लिहीत नाही. काटा अडकलाय असं समजतो."

ते असंच बोलले. त्यांना काही माहीत नाही.



२४ मे, रविवार

बाई स्वतः घरी आल्या. पहिल्यांदाच. "फोल्डर दाखव," म्हणाल्या. भिंगरीनं स्टूल घेऊन काढला. मी चहा ठेवायला उठले, डबा काढला आणि तो तसाच हातात घेऊन दारात येऊन उभी राहिले.

बाईंनी एक हात पाहिला. दुसरा पाहिला. मग चित्र खिडकीला लावून उजेडात आडवं धरलं. चष्मा काढून जवळ नेलं.

"मुलाखतीत काय म्हणाले?"

भिंगरी म्हणाली, "मी सांगितलं, आजीला कंप होता, म्हणून हात काढले. पांढऱ्या केसांच्या मॅडम होत्या, त्यांनी सगळी नऊ चित्रं टेबलावर पसरली आणि विचारलं, 'कंप कुठे आहे?'"

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

बाई कागदावरून बोट फिरवत होत्या. "इथे होता. पेन्सिलीचे वळ लागताहेत हाताला. हे पुसलं कुणी?"

माझ्या हातात चहाचा डबा होता. भिंगरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच, बाई," ती म्हणाली. "स्वच्छ दिसावं म्हणून."

बाई तिच्यावर चिडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नाही. म्हणाल्या, "हेच शिकवलं का मी तुला सहा वर्षं? ही एवढी अक्कल?" भिंगरी मान खाली घालून ऐकत होती. "चुकलं, बाई," म्हणाली.

मी चहा केला. तिघींपैकी कुणी प्यायलं नाही. बाई गेल्यावर तो मी ओतून दिला. ह्या घरात मी ओतून दिलेला पहिला चहा.

२५ मे, सोमवार

आज जपाला बसले. बोटं मणी ओढतात, तोंडातून नाव निघत नाही. त्या दिवशी एकेका रेषेला एकेकदा घेतलं होतं. किती वेळा घेतलं असेल.

२ जून, मंगळवार

भाजीला जाते सांगून जुन्या कॉलेजात गेले. पांढऱ्या केसांच्या मॅडम म्हणजे तिथल्या मुख्यच निघाल्या. शिपाई सोडत नव्हता. मी म्हटलं, "मी एक वाक्य बोलून जाते." त्यानं सोडलं.

एक वाक्य म्हणजे एवढंच: "हातांची चित्रं माझ्या मुलीनं काढली, पुसली मी."

त्यांना आठवलं. "नऊ हात. मुंग्या," म्हणाल्या. बसा म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. पाव, नियम अकरावा, सगळं. त्यांनी पुस्तिका काढून तो नियम वाचला, आणि पुन्हा वाचला. म्हणाल्या, "हे फोल्डरबद्दल लिहिलंय, बाई."

"आता कळलं."

"आठशे फोल्डर होते. एकेकाला आम्ही किती वेळ देणार." मग पुस्तिका मिटून, "जागा भरल्या. पैसेही भरून झाले त्या मुलांचे. मला एकही जागा वाढवता येत नाही. पुढच्या वर्षी आणा तिला. नवी कामं घेऊन."

मी म्हटलं, "हात कुणाचे काढील? ज्यांचे होते त्या गेल्या."

त्यांनी पाणी मागवलं. मी प्यायले. निघताना पदराला कुठलासा हिरवा रंग लागला होता. धुतला नाही अजून.

३ जून, बुधवार

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देता देता सांगितलं. परक्या बाईला आधी सांगितलं आणि पोटच्या पोरीला नंतर, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मुंगी निघाली तेव्हापासून. पानाच्या कडेला पावाचे कण होते. आपल्या घरी पावानं पुसायचं दुसऱ्या कुणाला सुचणार?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस त्यांना? आईनं पुसलं म्हणून."

ती ह्यांचा सदरा झटकत होती. म्हणाली, "दार उघडं होतं. बाकावर तू दिसत होतीस. डोळे मिटून जप करत होतीस."

चिमटे संपले होते तरी मी डबा पुढे धरून उभी होते.

१६ जून, मंगळवार

भावजी आले. फॉर्म घेऊनच आले. ह्या वेळी विनोद केला नाही, त्यामुळे जास्त लागलं. भिंगरीनं सही केली. कॉमर्स, सकाळची पाळी, घरापासून चालत. वर्षभर हे कर, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरू, हे म्हणाले. ती "हो बाबा" म्हणाली. आधी एखाद्या गोष्टीला "हो" म्हणताना ती अख्खी वळायची. आता मानही पुरती हलत नाही.

रविवारी बाईंकडे जात नाही. बाईंना मी खरं सांगून आले. त्या रडल्या. मला काही बोलल्या नाहीत, रविवारी तिची वाट बघते एवढंच म्हणाल्या.

३० जून, मंगळवार

महिनाअखेर. हिशेब लिहिला. आजच्या तारखेला एक आकडा चुकला. पट्टी शोधली नाही. तशीच खोडून पुढे लिहिलं. पान विद्रूप दिसतं. दिसू दे.

दुपारी भिंगरी टेबलाशी कॉमर्सचं पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटत नव्हती. मी कपाटावरून फोल्डर काढला, स्टूल घेऊन. ह्या वेळी तिनं नको म्हटलं नाही. सासूबाईंचा उजवा हात तिच्यापुढे ठेवला. माझा स्वच्छ केलेला. किती मेलेला दिसतो.

मी विचारलं, "कसा हलायचा गं?"

"वरखाली," ती म्हणाली.

"वरखाली नाही. तो तुला लांबून तसा वाटायचा. मी धरलेला आहे."

तिच्या समोर बसले. माझा हात टेबलावर ठेवला, पुस्तकाच्या कडेला. आणि करून दाखवलं. अंगठा पहिल्या बोटाला लागायचा आणि सुटायचा, लागायचा आणि सुटायचा, चिमटीतून मीठ सोडल्यासारखा. मग मनगट जरासं बाहेर. करंगळी मात्र स्थिर. करंगळी कधीच हलायची नाही. हे मला ठाऊक होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

"घास जवळ आला की जोरात," मी म्हटलं. "झोपेत अजिबात नाही. तू वही घेऊन बसलीस की मुद्दाम जास्त हलवायच्या. नात चित्र काढते म्हणून."

भिंगरीच्या ओठाचा कोपरा हलला असं वाटलं. नसेलही.

पेन्सिल तिच्या उजव्या हाताशीच पडली होती, आकडेमोडीची. तिनं ती उचलली नाही. पण पुस्तक मिटलं, हनुवटी टेबलावर टेकली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. जुन्या कॉलेजच्या दारात बघत होती तशी.

माझा दंड भरून आला. चहाची वेळ झाली. हे कामावरून आले आणि दारात उभे राहून बघू लागले.

मी हात थांबवला नाही.